दोन रिकाम्या बॅगा आणि सड्यावरचा राखणदार

"आई, रविवारी ग्रामसभा आहे. त्यानंतर बहुतेक मला ही खोली सोडावी लागेल. येतेस का? येताना दोन मोठ्या बॅगा आण, रिकाम्या."

आशूचा हा फोन बुधवारी सकाळी आला तेव्हा मी ओट्यापाशी कांदा चिरत होते. काय झालं, कुणी काही बोललं का, असे चार प्रश्न विचारून पाहिले. "आलीस की सांगते" एवढंच उत्तर मिळालं. माझी मुलगी लहानपणापासून अशीच आहे. निकालपत्रसुद्धा आधी सही घेऊन मग दाखवायची.

ब्लॉगवर नव्यानं आलेल्यांसाठी सांगते. मी कोल्हापूरची, एका हायस्कूलच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेली. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून माझा पाय घरात ठरत नाही. आणि माझी मुलगी अश्विनी उंदरांचा अभ्यास करते.

हे शेवटचं वाक्य मी इथं आज पहिल्यांदा लिहितेय. आजवर तुम्ही वाचलंत ते "आशू कोकणात पर्यावरणाचं काम करते". भिशीत तर मी सरळ "फॉरेस्टमध्ये आहे" असं ठोकून दिलं होतं. खरं काय ते घरात ठाऊक होतं, आणि माझ्या नणंदेचे यजमान दर दिवाळीत न चुकता म्हणायचे, "एवढं शिकून शेवटी डोंगर पोखरून उंदीरच." सगळे हसायचे. मीही हसायचे, याची आज लाज वाटते. त्यात मी म्हणजे उंदरांची जन्माची वैरीण. चतुर्थीला शाडूच्या मूषकाला दूर्वा वाहायच्या आणि माळ्यावरच्या सापळ्यात कांदाभजी लावायची, दोन्ही मी एकाच हातानं केलेलं आहे.

शुक्रवारी सकाळी कोल्हापूर स्टँडवरून सावंतवाडीची गाडी धरली, आजरा-आंबोली मार्गे. जाणाऱ्यांनी आरक्षण करून खिडकी घ्यावी, आंबोलीचा घाट उभ्यानं बघण्यात मजा नाही. गाडी आंबोलीत चहाला थांबते. तिथला वडा गरम असेल तरच घ्या, गार वड्याला काही चव नाही. माझ्या दोन चपट्या बॅगा बघून कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, कोकण भरून आणायचं काय?" मी नुसती हसले. मी मुलीचा बाडबिस्तरा गुंडाळून आणायला निघाले होते, त्याला काय सांगणार?

सावंतवाडीत गाडी बदलून शिरोड्याला उतरले. कोल्हापुरातून निघाल्यापासून सहा-सात तास धरा. आशू स्कूटर घेऊन उभी होती. काळवंडलेली, वाळलेली, पण डोळे लखलखीत. तिथून पुढं ज्या गावात ती राहते त्याचं नाव मी लिहिणार नाही. तिनं तशी अटच घातली आहे. का, ते पुढं कळेलच.

ती प्रभाकाकींच्या पडवीतल्या खोलीत राहते. काकी पासष्टीच्या, एकट्या, जिभेनं तिखट आणि हातानं सढळ. मी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत म्हणाल्या, "येवा, बसा. तुमच्या चेडवान उंदरांका आंगडी-टोपडी शिवूचीच काय ती बाकी ठेवल्यान हा." चेडू म्हणजे मुलगी. मग लगेच, "पेज घेतल्यात की जेवण वाढू?" उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिकलं (दाट, तिखट कालवण) आणि सोलकढी. शिरोड्यात खाणावळी पुष्कळ आहेत, सुरमईची थाळी महाग आणि बांगड्याची बरीच स्वस्त पडते. पण काकींच्या तिकल्यात तिरफळं होती, आणि ती वासानंच भूक लावतात.

जेवण झाल्यावर आशूनं खरी गोष्ट सांगितली. गावामागं सडा आहे, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट, उघडं रान. पायथ्याला भातशेती. गेल्या हंगामात उंदरांनी भाताचं बरंच नुकसान केलं, म्हणून यंदा कापणीच्या आधी सगळ्या सड्यावर उंदरांचं औषध टाकायचा ठराव ग्रामसभेत येणार होता. आशूचा सगळा अभ्यास सड्यावरच्या एका लहानशा रानउंदरावर. "औषध पडलं की तो संपला, आणि त्याला खाणारी घुबडं, सापही गेले," ती म्हणाली. "आणि भात खाणारा तो नाहीच."

"मग तसं सांग की सभेत," मी म्हटलं.

"तसं सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं. उद्या सड्यावर चल, मग कळेल."

शनिवारी उजाडायच्या आत उठवलं. या कामात ऊन चढायच्या आधी पोचावंच लागतं. रात्री रांगेनं लावून ठेवलेले अ‍ॅल्युमिनियमचे घडीचे डबे उन्हात तापतात आणि आतला जीव गुदमरतो. माझ्या सापळ्यातल्या जिवाची सकाळ कशी व्हायची, ते सापळा बुडवायच्या बादलीसकट आठवलं. आशूच्या डब्यात भाजलेलं सुकं खोबरं असतं आणि थंडी वाजू नये म्हणून कापूस. वनखात्याच्या परवानगीचे कागद ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कायम पाठीशी बाळगते.

सातव्या डब्याचं दार बंद होतं. तिनं हातमोजे, मास्क चढवले, डबा कापडी पिशवीत हलकेच रिकामा केला, पिशवी काट्याला अडकवून वजन घेतलं आणि मग दोन बोटांत अलगद धरून मला दाखवला. मी चार पावलं मागं. "आई, बघ तरी." बघितला. वरून मातकट, पोट पांढरंशुभ्र, कान गुलाबी. पाठीवरचे केस मऊ नव्हेत, बारीक काट्यांसारखे राठ. वजन दोन सुपाऱ्यांएवढं. तिनं वहीत नोंद केली, कानाच्या कडेला बारीक खूण केली आणि ज्या गवताच्या बेचक्यात डबा होता तिथंच त्याला सोडलं. तिचे हात बघत होते मी. शाळेत सुई-दोरा धरताना थरथरणारे हेच ते हात.

"वाघ किती आहेत ते आपण मोजतो," चालता चालता ती म्हणाली. "हे किती आहेत, कुठल्या कुठल्या सड्यावर आहेत, ते नीट मोजलेलंच नाही. पहिलं काम तेच. दुसरं, सडा खणला की हे जातात कुठं ते बघायचं. तिसरं, भात नक्की कोण खातं ते शोधायचं, म्हणजे एकाच्या पापाला दुसऱ्याला शिक्षा नको. भाताच्या बांधावरही मी डबे लावते. तिथं मोठे शेतउंदीर सापडतात, घुशींची बिळं दिसतात. हा पांढऱ्या पोटाचा तिथं एकदाही सापडला नाही."

सड्याच्या टोकाला गवत संपून उघडा दगड लागला. मी पुढं निघाले तर मागून आवाज आला, "थयसर नको जावा." दाजी होते ते, काकींचे थोरले दीर. गावचे मानकरी, देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. बैल चारायला आले होते. मी थांबले तशी त्यांनी काठीनं दाखवलं. उघड्या जमिनीवर जागोजाग हरभऱ्याएवढे खडे मांडून ठेवलेले. कुणी निवडून, पाखडून ठेवल्यासारखे, सगळे एका मापाचे.

"राखणदाराचे खडे ते," दाजी म्हणाले. "रातीक मांडता तो. फाटफटी बगल्यार नवे दिसतत. माजो आजो सांगी, हयसर पाय लावूचो नाय, चिरो काडूचो नाय, गुरां घालूची नायत." एवढं बोलून ते बैलांमागं गेले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: फाटफटी म्हणजे पहाटे, आणि कोकणात गावाची, रानाची राखण करणारी अदृश्य शक्ती असते, तो राखणदार. त्याला वर्षाला नारळ द्यायचा आणि त्याच्या वाटेत यायचं नाही.

ते दूर गेल्यावर आशूनं हळूच बोट दाखवलं. त्या खड्यांत तीन खडे लाल ठिपक्यांचे होते. "तुझी नेलपॉलिश," ती म्हणाली. भाचीच्या लग्नासाठी आणलेली माझी बाटली दिवाळीत हरवली होती, ती ही अशी सापडली. आशूनं खड्यांवर ठिपके देऊन ते हद्दीच्या बाहेर ठेवले होते. आत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. सकाळी तेच खडे आत, बिळाच्या तोंडाशी. मग तिनं काठावर कॅमेरा लावला. त्यात आमचे दोन सुपाऱ्यांचे साहेब तोंडात खडा धरून येताना दिसले.

"कशासाठी करतो?"

"नक्की कुणालाच माहीत नाही. बिळाचं तोंड झाकायला असेल, दव धरायला असेल. तेही शोधायचंय."

आता मला सगळा गुंता कळला. ठरावात राखणदाराचा कोपरा सोडून बाकी सड्यावर औषध टाकायचं होतं. पण हा उंदीर सगळ्या सड्यावर राहतो. इतर ठिकाणी त्याचे खडे गवतात दिसत नाहीत एवढंच. तो कोण, कुठं राहतो, काय करतो, हे सांगायचं तर खडे राखणदाराचे नव्हेत हेही सांगणं आलं. आणि ते सांगितलं की लोक दुखावणार. कदाचित आज जो कोपरा वाचतोय तोही जाणार, आणि आशूची खोलीही.

"गप बस," मी म्हटलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कोपरा तरी राहतोय ना? देव राखतोय तर तू कशाला मध्ये पडतेस?"

तिनं पाठीची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "या लोकांनी मला घरात घेतलं, आई. मी आजारी पडले तेव्हा दाजी रिक्षा करून शिरोड्याला घेऊन गेले. मला दिसलंय ते त्यांच्यापासूनच लपवायचं? मग मी इथं काय शिकले?"

मला राग आला. मुली शहाण्या झाल्या की आईला राग येतो, तसला. दुपारी तिनं समजूत काढायला रेडीला नेलं. समुद्र, यशवंतगड आणि खाणीत सापडलेला गणपती. आधी गणपती सापडला आणि मग काही दिवसांनी तिथंच त्याचा उंदीरही सापडला, असं तिथं सांगतात. "बघ, उंदराला नेहमी मागाहूनच शोधतात," आशू म्हणाली. मी हसले नाही. देवापुढं उभी राहून मात्र एवढंच मागितलं की पोरीला उद्या कुणी वाईट बोलू नये. गडावर जाणार असाल तर पाणी बरोबर ठेवा. मालवण, देवबाग या फेरीत केलं नाही, त्याला वेगळे दोन दिवस हवेत.

रविवारी दहाला शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. शंभरेक माणसं असतील. बायका एका बाजूला, त्यांत मी काकींच्या शेजारी. बॅगा खोलीत कॉटखाली सरकवून आले होते. सरपंचांनी ठराव वाचला: राखणदाराची जागा वगळून संपूर्ण सड्यावर उंदरांचे औषध टाकण्यात यावे. "कोणाचं काही म्हणणं?"

आशू उठली. आवाज सुरुवातीला इतका बारीक की मागून कुणीतरी "मोठ्यान सांग गो" म्हणालं. तिनं भाताच्या बांधावर काय सापडतं, सड्यावर काय सापडतं, दोघांत फरक काय, ते सगळं सांगितलं. मग एक श्वास घेतला. "आणि अजून एक गोष्ट मी पाहिली आहे. ती तुमच्यापासून लपवणं मला बरं वाटत नाही," असं म्हणून तिनं फोनवर ते चित्रण लावलं आणि फोन पहिल्या रांगेत दिला.

फोन हातोहात फिरू लागला. काकींनी चष्मा लावला, बघितला, परत बघितला. "अगो बाये," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. मग एक मध्यमवयीन गृहस्थ उभे राहिले. "म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांनी उंदराक नारळ दिल्यानी, असा तुजा म्हणणा?" दोघे-तिघे हसले. बाकीचे हसले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. कॉटखालच्या बॅगांत आधी काय भरायचं, याचा मी मनात विचार करू लागले. खोटं कशाला सांगू?

आशू म्हणाली, "राखणदार आहे की नाही, ते सांगणारी मी कोण? खडे कोण आणतं, तेवढंच मी बघितलंय." आणि उभीच राहिली. पळाली नाही, रडली नाही, मान खाली घातली नाही.

फोन दाजींच्या हातात आला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून दोनदा पाहिला आणि काठी टेकून उठले. गावचे मानकरी उठले म्हटल्यावर सगळे तिकडं वळले.

"माका एक सांगा," ते म्हणाले. "राखणदार काय सवता खडे उचलूक बसतलो? त्येना गडी ठेवल्यान आसतलो." हॉलमध्ये हलकी खसखस पिकली. दाजी थांबले, ती विरू दिली. "हो तो गडी. रोज रातीक कामाक येता. आमका कदी दिसाक नाय, ह्या चेडवाक दिसलो. आता मालकाक नारळ देवचो आणि गड्याक वीख घालूचा, ह्यो खंयचो न्याय?"

काकींनी माझा हात दाबला. ते उभे राहिलेले गृहस्थ खाली बसले, मग बसल्या बसल्याच म्हणाले, "पण भाताचा काय?" तो प्रश्न खरा होता आणि आशूकडं त्याचं उत्तर होतं. घुशींची बिळं कशी ओळखायची, औषध फक्त तिथंच कसं ठेवायचं, बांध कसे साफ ठेवायचे, ते ती कापणीआधी प्रत्येक वाडीत येऊन दाखवेल. सरपंचांनी "राखणदाराची जागा वगळून संपूर्ण सड्यावर" हे शब्द खोडले आणि "सडा वगळून, फक्त भाताच्या बांधावरच्या बिळांत" लिहिलं. हात वर झाले. सगळे नाही झाले, पण पुरेसे झाले.

गावाचं नाव मी का लिहिलं नाही, ते आता कळलं असेल. फोटो काढायला येणारे येतात आणि एकेक खडा खिशात घालून जातात.

संध्याकाळच्या आत दाजींनी नारळ घेतला आणि पंधरा-वीस माणसं सड्यावर गेलो. त्या कोपऱ्याच्या कडेला उभं राहून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा, अशी तिथली रीत.

"बा राखणदारा म्हाराजा, आज गावान एक इचार केलो हा."

"व्हय म्हाराजा."

"तुज्या गड्याक आमी हात लावूचो नाय, तू आमच्या भाताक संभाळ."

"व्हय म्हाराजा."

"परमुलखातला ह्या चेडू, आवशी-बापाशीक सोडून तुज्या सड्यार राबता. तेच्या हातातल्या कामाक येश दी. तेका उणा पडाक देव नको."

"व्हय म्हाराजा," म्हणणाऱ्यांत शेवटचा आवाज माझा होता, जरा फाटलेला. आयुष्यात तिच्या कितीतरी निकालांना मी पेढे वाटले, पण इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. मी रडले, आणि रडताना लपवलं नाही. आशू मात्र त्यातही खाली बघत होती. ठिपक्याचा एक खडा हद्दीबाहेर घरंगळला होता, त्याची तिला काळजी.

सोमवारी निघाले तेव्हा बॅगा रिकाम्या न्यायला काकींनी साफ नकार दिला. एकीत नारळ आणि उकडे तांदूळ, दुसरीत आमसुलं, कुळथाचं पीठ आणि तिरफळं. त्या म्हणाल्या, "चेडवाची खोली आसा तिची तिका. तुमी परत येवा, पण सामान न्हेवक नको." सावंतवाडीच्या स्टँडवर हमालाला हाक मारावी लागली. कोकण खरंच भरून आणलं.

घरी येऊन आठ दिवस झाले. काय उरलं म्हणाल तर, मी काही साध्वी झालेली नाही. माळ्यावर घूस आली तर मी तिला सोडणार नाही, आणि घरातली घूस वेगळी हे आशूलाही मान्य आहे. बादली मात्र मी आता त्या कामाला वापरणार नाही.

काल भिशी माझ्याकडं होती. शेजारच्या वहिनींनी सवयीनं विचारलं, "अश्विनी फॉरेस्टमध्येच ना अजून?"

"नाही," मी म्हटलं. "ती उंदरांवर काम करते. पकडते, वजन करते, आणि जिथून उचलला तिथंच सोडते."

मग एकजण हसू दाबत म्हणाली, "अगं, उंदराचं वजन असून असून असणार किती?"

मी पानाचा डबा उघडला, दोन सुपाऱ्या काढल्या आणि तिच्या तळहातावर ठेवल्या. "एवढं," मी म्हटलं. मग चहा गार होईपर्यंत सगळं पहिल्यापासून सांगत बसले.